गठ्ठाभर एकच चूक

सिंधूताई मेश्रामांना बरोबर उत्तरांचा कंटाळा यायचा.

बरोबर उत्तर सगळीकडे सारखंच. गोंदियाच्या पोराचं असो की वर्ध्याच्या, वाचलं, लाल पेन्सिलीने खूण केली, पान उलटलं. चुकीच्या उत्तरापाशी मात्र त्या थांबत. मॅट्रिकच्या रसायनाच्या पेपरात काही चुका दर वर्षी पाहुण्यांसारख्या हजर होत. ऑक्सिजन जळायला मदत करतो असं न लिहिता तो स्वतःच भडाभडा जळतो, असं निम्मे जण लिहीत. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, हे वरच्या ओळीत लिहायचं आणि खाली आकृतीत तो तोंड वर केलेल्या बरणीत भरायचा, हेही ठरलेलं. बाकीचे परीक्षक अशा चुकांवर फुली मारून मोकळे होत. सिंधूताईंच्या मनात मात्र ती फुली काट्यासारखी अडकून राही. हे पोर असं का लिहितं? याच्या डोळ्यांसमोर काय असेल?

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. तरी एका वर्षी एका गठ्ठ्यात ओळीने मुलांनी लिहिलं होतं की या वायूला उग्र वास येतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. त्या वर्षी त्यांनी नुसत्या फुल्या मारल्या. मग पावसाळा सरल्यावर त्या कन्हानला नणंदेकडे गेल्या होत्या. संध्याकाळी त्या खाणीच्या वस्तीत घरोघरी अंगणात दगडी कोळशाच्या शेगड्या पेटल्या, धूर नाकात गेला आणि हातातला चहाचा कप तसाच धरून सिंधूताई एकदम हसल्या. मास्तरांनी सांगितलं असणार, शेगडी घरात ठेवून दार लावू नका, तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. पोरांनी शेगडी हुंगली. वास होता गंधकाचा, नाव लागलं दुसऱ्याच वायूला.

"एकटीच काहून हसून राहिली वं वहिनी?" नणंदेने विचारलं होतं.

"काही नाही," सिंधूताई म्हणाल्या. "अशा शेगड्यांच्या गावची पोरं खोटी नाहीत, एवढंच."

ही पुढची गोष्ट मात्र एकाहत्तरच्या उन्हाळ्यातली. तेव्हा सिंधूताई इंदोऱ्यात राहत. नवरा चंद्रभान खापरखेड्याच्या वीजघरात नोकरीला होता, तो रविवारपुरता घरी येई. एरवी घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई भागीरथाबाई. मे महिन्यात बोर्डाचे पेपर घरी येत. कापडात शिवलेला, लाखेची मोहर लावलेला गठ्ठा पोस्टमन ओट्यावर ठेवी. शाळेचं नाव नाही, गावाचं नाव नाही, नुसते आसन क्रमांक. सिंधूताई तो आतल्या खोलीत नेऊन ठेवत आणि खिडकीवर वाळ्याचा पडदा टाकून त्यावर पाणी मारत. हे काम गुप्त आहे, कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी सासूबाईंना पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

"मले वाचता येत नाई म्हणून बरं," भागीरथाबाई म्हणाल्या होत्या. "नाईतर तूनं मलेच घराबाहेर काढलं असतं."

त्या वर्षीच्या पेपरात एक सोपा प्रश्न होता. पुढील पदार्थांवर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकल्यास काय दिसेल ते कारणासह लिहा. पदार्थ चार: उकडलेला बटाटा, साखर, मीठ, सुती धागा. बटाट्यात स्टार्च असतो म्हणून तो निळा-काळा पडेल, बाकीचे तिन्ही पडणार नाहीत. बस्स. दोन ओळींचं उत्तर. बाकीच्या गठ्ठ्यांत मुलांनी बटाटा सोडून साखर निळी केली होती, क्वचित मीठसुद्धा. धाग्याला कोणी हात लावला नव्हता.

आणि मग एक गठ्ठा उघडला. पहिल्या पेपरात होतं, सुती धागा निळा पडतो, कारण त्यात स्टार्च असतो. सिंधूताईंनी फुली मारली. दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यातही. त्यांनी चष्मा पुसला आणि बाकीच्या पेपरांमधलं ते एकच उत्तर भराभर काढून पाहिलं. दोन-चार कोरे सोडले तर गठ्ठाभर सगळ्यांनी धागा निळा केला होता. बाकीचे पेपर चांगले होते. समीकरणं जमलेली, आकृत्या नीटस. एकही पोर साखरेवर घसरलं नव्हतं. आणि ही एकच चूक या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिवणीच्या टाक्यासारखी.

मुख्य परीक्षक होते मधुकरराव. धरमपेठेत राहत. निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचे कपडे, आणि कपड्यांपेक्षाही कडक नियम. रविवारी सगळे परीक्षक त्यांच्या घरी जमत, तेव्हा सिंधूताईंनी तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

मधुकररावांनी पाच-सहा पेपर चाळले, आणि चष्म्यावरून पाहिलं.

"मेश्रामबाई, यात विचारायचं काय? ही कॉपी आहे."

"पण सर, बाकीची उत्तरं वेगवेगळी आहेत."

"बरोबर उत्तरावरून कॉपी कधीच पकडता येत नाही. ते पुस्तकातच असतं. पकडता येते ती चुकीवरून. एकच चूक ओळीने सगळ्यांनी केली म्हणजे कोणीतरी बाहेरून सांगितली, दुसरं काय? सुती धागा निळा होतो हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"कोणत्याच नाही."

"मग झालं तर. रिपोर्ट लिहा. उद्या संध्याकाळी बोर्डाचा शिपाई माझ्याकडे येतो आहे. गठ्ठा आणि तुमच्या सहीचा रिपोर्ट, दोन्ही त्याच्या हाती गेलं पाहिजे."

"मग या मुलांचं काय होईल?"

"निकाल राखून ठेवतील. चौकशी होईल. आणि चौकशी झाली की वर्ष गेलंच समजा." मधुकरराव काही दुष्ट माणूस नव्हते. हे म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "वाईट मलाही वाटतं. पण सही तुमची लागते, तुम्ही तपासलेला गठ्ठा आहे."

रिक्षातून परतताना गठ्ठा मांडीवर होता. सिंधूताई स्वतः मॅट्रिक झाल्या तेव्हा त्यांच्या वस्तीत मुलीने मॅट्रिक होणं ही मोठी गोष्ट होती. निकालाच्या दिवशी वडील वर्तमानपत्र घेऊन दारोदार फिरले होते. एक वर्ष गेलं असतं तर पुढचं वर्ष आलंच नसतं, लग्न आलं असतं. या गठ्ठ्यात अशी किती घरं असतील कोण जाणे.

घरी येऊन त्या रिपोर्ट लिहायला बसल्या. आसन क्रमांक लिहिले. मग पुरावा म्हणून मुलांचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे होते. पहिल्याने लिहिलं होतं, 'धागा निळा पडतो.' दुसऱ्याने, 'काळा पडतो.' ठीक. तिसऱ्याने लिहिलं होतं, 'हिरवट काळा पडतो.' पेन जरा रेंगाळलं. पुढच्या मुलीने लिहिलं होतं, 'लाल सूत असल्यास काळपट दिसते.'

सिंधूताईंनी पेन खाली ठेवलं.

लाल सूत? प्रश्नात रंगाचं नाव कुठे होतं?

त्यांनी सगळे पेपर पुन्हा काढले, आणि या वेळी नुसते रंग वाचत गेल्या. निळा. काळा-निळा. हिरवट. काळपट लाल. 'पांढऱ्या सुतावर चांगले दिसते, गडद सुतावर नीट दिसत नाही.' बाहेरून कोणी उत्तर सांगितलं असतं तर सगळ्यांचा रंग एकच निघाला असता. खिडकीतून कोणी कुजबुजत हिरवट काळा सांगतो का? ज्याला कॉपी करायची तो एवढा नाजूक रंग कशाला उचलेल?

या पोरांनी हे पाहिलं होतं. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी.

पण पाहिलं कसं? सुती धाग्यात स्टार्च नसतोच. हे सिंधूताईंनी स्वतः वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं. हे मनात आलं तेव्हा त्या जरा ओशाळल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजाही वाटली.

सकाळी भांडी-धुणी आटपताच त्यांनी टिंक्चर आयोडीनची बाटली काढली, वाटीत पाणी घालून पातळ केलं आणि ओट्यावर सगळं मांडलं. दवाखान्याचा कापूस, दिव्याची वात, चंद्रभानच्या जुन्या धोतराची चिंधी. शिवाय खात्रीसाठी काल रात्रीच्या भाताचं एक शीत.

भागीरथाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कन्हानला नातीचं लग्न होतं, म्हणून घेतलेलं नवं कोरं लुगडं त्यांनी आज पहिल्यांदा नेसून पाहिलं होतं. हळदी अंग, तांबडे काठ, घडीच्या रेघा अजून तशाच.

"हे काय करून राहिली वं सिंधू? कोणाले लागलं?"

"कोणाला नाही आत्याबाई. बघते आहे, कापूस निळा होतो का."

"कापूस? कायले निळा व्हीन तो?"

"तेच तर बघायचं आहे."

शितावर थेंब पडला, ते क्षणात काळंनिळं झालं. भागीरथाबाई "बाप्पा!" म्हणाल्या आणि जवळ सरकल्या. मग कापसावर थेंब. नुसता पिवळट तपकिरी डाग. वातीवर तोच. चिंधीवर तोच.

सिंधूताईंचा चेहरा उतरला. म्हणजे पुस्तक बरोबर होतं. आणि पुस्तक बरोबर असेल तर मधुकररावही बरोबर.

"नाई झाला निळा?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"नाही."

"व्हायले पायजे होता का?"

"झाला असता तर बरं झालं असतं. काही पोरांचं वर्ष वाचलं असतं." गुप्तपणाचा नियम त्यांनी तिथेच मोडला आणि सगळी हकीकत सांगून टाकली. मग काय सुचलं, म्हणाल्या, "आत्याबाई, पेटीत तुमचं ते पांढरं लुगडं आहे ना, त्याचा एक दोरा..."

"त्याले हात लावजो नको." भागीरथाबाईंचा आवाज एकदम बदलला. धम्मदीक्षेच्या वर्षी नेसलेलं ते लुगडं वर्षातून एकदाच पेटीबाहेर निघे. "दुसरं काय पायजे ते घे. त्याच्यावर दवा टाकायची नाई."

"बरं, नाही टाकत."

"आणि हे पोट्टे, ज्याहीनं लिवलं, ते..." असं म्हणत भागीरथाबाई ओट्यावर टेकल्या, वाटीत काय आहे ते पाहायला वाकल्या, आणि पदराचं टोक सरळ आयोडीनमध्ये गेलं.

"आत्याबाई, पदर!"

भागीरथाबाईंनी पदर ओढला. हळदी कापडावर हिरवट काळा डाग फुलला होता. काठाच्या तांबड्या पट्ट्यावर तो काळाकुट्ट दिसत होता.

"सत्यानाश केला वं! नवं लुगडं! अजून लगनात नेसली नाई मी! चंद्रभाननं गांधीबागेतून आणलं, आन् तुह्या दवानं..."

सिंधूताईंना ते ऐकूच येत नव्हतं. त्यांनी पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे डागावर खिळले होते.

"हिरवट काळा," त्या म्हणाल्या. "लाल सूत असल्यास काळपट."

"काय बोलून राहिली? पागल झाली का?"

"आत्याबाई, हे लुगडं कधी धुतलंत?"

"धुईन कायले? नवं हाय ना! अजून खळ नाई निघाली त्याची. पाह्य कसं कडक हाय."

खळ. सिंधूताईंनी पदर बोटांत चुरगळला. तो कागदासारखा करकरला.

त्यांना टिमकीच्या विणकर वस्तीतला रस्ता आठवला. शाळेत शिकवायला लागल्या त्या वर्षी त्या सकाळी तिथून जात. कोष्ट्यांच्या घरांपुढे, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागावर चढवायचं उभं सूत ताणून ठेवलेलं असे. बायामाणसं कुंचे घेऊन त्याला पेज लावत. पाजणी म्हणत त्याला. पाजणी केली नाही तर मागावर धागा तुटतो. सायकलवाले उतरून बाजूने जात, ओल्या पेजेचा आंबूस वास येई, आणि शाळेत जाणारी पोरं त्या ताणलेल्या रंगीत सुताखालून वाकून पलीकडे निघत. पिवळं, लाल, हिरवं, पांढरं.

मास्तरांनी वर्गात सांगितलं असणार, घरून वस्तू आणा, आयोडीन टाकून पाहू. दुसऱ्या वस्तीतल्या पोरांनी देवघरातली वात आणली असती, गादीतला कापूस आणला असता. या पोरांनी सुती धागा म्हणून घरातला जो धागा हाती आला तो आणला. मागाखाली पडलेला, पेज प्यायलेला. थेंब टाकला, निळा झाला. पाहिलं ते खरं. कारण तेवढं चुकलं. स्टार्च धाग्याचा नव्हता, वरून लावलेला होता.

"आत्याबाई," सिंधूताई म्हणाल्या, "लुगडं बदला. पदर गरम पाण्यात धुऊन देते."

"निंघीन का ते?"

"निघेल. खळीसोबत निघून जाईल. न निघालं तर मी नवं घेऊन देईन."

डाग निघाला. गरम पाण्यात पदर दोन-तीनदा चोळला तसा तो फिका पडत गेला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. पदर मऊ झाला, बाकी लुगडं तसंच कडक. भागीरथाबाईंनी तो उन्हात धरून उलटसुलट पाहिला. राग कधीच गेला होता. वेगळीच काही शंका चेहऱ्यावर होती.

"सिंधू, आता याच्यावर टाकली तं?"

"काय?"

"दवा. आता खळ निंघाली ना. आता निळं व्हीन का नाई?"

सिंधूताईंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही तोंडी तोच प्रश्न आला होता, पण विचारायची हिंमत होत नव्हती.

"तुम्हीच टाका," त्या म्हणाल्या.

भागीरथाबाईंनी काडीने एक थेंब धुतलेल्या टोकावर टाकला. पिवळट डाग पडला आणि तसाच राहिला. मग कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी दुसरा थेंब न धुतलेल्या काठाच्या आतल्या बाजूला टाकला. काळा.

"आई वं!" त्या म्हणाल्या, आणि एखाद्या मुलीसारख्या हसल्या.

दुपार टळायच्या आत सिंधूताई गठ्ठा घेऊन निघाल्या. पिशवीत आयोडीनची बाटली, आणि लुगड्याच्या शेवटच्या दशांमधून काढलेले काही दोरे, अर्धे धुतलेले, अर्धे तसेच. रिपोर्टही होता, लिहून पूर्ण, सहीची जागा कोरी. भागीरथाबाई दारापर्यंत आल्या. "त्या सायबाले म्हणजो, मी साक्षीले येईन म्हणा."

धरमपेठेत मधुकरराव शिपायाची वाट पाहत ओसरीवरच बसले होते. त्यांच्या पत्नी कुसुमताई पन्हं करत होत्या.

"आणला रिपोर्ट?" मधुकररावांनी विचारलं.

"आणला सर. पण सही केली नाही. ही कॉपी नाही. या मुलांनी पाहून लिहिलं आहे."

त्यांनी रंगांची गोष्ट सांगितली, पाजणीची सांगितली. मधुकरराव ऐकत होते, पण चष्मा काढून पुसत होते. त्यांची ही लकब सगळ्या परीक्षकांना माहीत होती. त्यांना पटत नसे तेव्हा ते चष्मा पुसत.

"बाई, तर्क सुंदर आहे. पण बोर्ड तर्कावर चालत नाही."

"मी दोरे आणलेत सर. करून दाखवते."

"तुम्ही घरून आणलेले दोरे मी पुरावा म्हणून कसे मानू? उद्या कोणीही काहीही चोपडून आणेल. सुती कापड म्हणजे सेल्युलोज. त्यावर आयोडीन निळं होत नाही, याच्यात मतभेदाला जागा नाही." त्यांनी खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला. "हा घ्या. शंभर टक्के सुती. आणि धुतलेला. कालच धोब्याकडून आलाय. टाका याच्यावर."

सिंधूताईंनी रुमालाकडे पाहिलं. त्याच्या घड्या पत्र्यासारख्या उभ्या होत्या.

"सर, याच्यावर नको."

"का? घाबरलात?"

"रुमाल खराब होईल."

"होऊ द्या. टाका."

सिंधूताईंनी थेंब टाकला. रुमालाच्या मधोमध निळ्याकाळ्या शाईसारखं फूल उमललं.

पन्ह्याचे पेले घेऊन कुसुमताई दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, त्याला कांजी आहे," त्या म्हणाल्या. "धोब्याला तुम्हीच बजावता ना, रुमाल कडक पाहिजे म्हणून."

मधुकररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. रुमाल उचलून नाकाजवळ नेला, नखाने खरवडून पाहिला. मग सिंधूताईंच्या हातून बाटली घेतली आणि दुसऱ्या कोपऱ्यावर स्वतः थेंब टाकला. मग बोटाने जरा चोळून तिसरा. एवढा वेळ ते रुमाल पाहत होते की कुसुमताईंना वाटलं त्यांना राग आला.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "हा प्रश्न मला आला असता तर मीही हेच लिहिलं असतं. आणि मग तुम्ही माझ्यावर रिपोर्ट केला असता."

"मी नसता केला सर."

"मी करायला लावला असता." ते हसले. सिंधूताईंनी त्यांना एवढं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं. "अगं कुसुम, धुतलेलं आणि कांजी न केलेलं असं काही आहे का घरात?"

"माझ्या स्वयंपाकघरातलं हातपुसणं आहे."

"आण."

हातपुसण्यावर नुसता तपकिरी डाग पडला. मधुकररावांनी दोन्ही कापडं शेजारी शेजारी ठेवली. मग सिंधूताईंच्या दोऱ्यांवरही थेंब टाकले, आधी नाही म्हटलं होतं तरी. धुतलेले तसेच राहिले, न धुतलेले काळे पडले.

"रिपोर्ट द्या इकडे," ते म्हणाले, आणि त्याचे चार तुकडे करून त्यांनी केराच्या टोपलीत टाकले. मग पुन्हा मुख्याध्यापक झाले. "पण गुण मात्र मिळणार नाहीत. धाग्यात स्टार्च असतो हे उत्तर चूक आहे. सगळ्या विभागाला एकच नियम."

"निदान 'काय दिसेल' याचा अर्धा गुण, सर? दिसलं तेच लिहिलंय त्यांनी."

मधुकररावांनी रुमालाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "आज तुम्हाला दिला तर उद्या साखर निळी करणाऱ्यालाही द्यावा लागेल. त्याच्या साखरेत काय होतं, मला काय ठाऊक? पण पेपर काढणाऱ्यांना मी लिहीन. पुढच्या वेळी सुती धागा म्हणायचं असेल तर 'धुतलेला' म्हणा म्हणावं."

सिंधूताईंना अर्धा गुण हवा होता. पण चूक ती चूकच, हे त्यांनाही नाकारता येईना. शिपाई आला तेव्हा त्याच्या हाती गठ्ठा गेला, नुसता गठ्ठा. सोबत कागद नव्हता.

जूनमध्ये निकालाचं वर्तमानपत्र आलं तेव्हा इंदोऱ्यात सकाळीच गलका उठला. चंद्रभान त्या दिवशी कामावर होता, म्हणून पेपर आणायला सिंधूताई स्वतः कोपऱ्यापर्यंत गेल्या. येताच त्यांनी तो ओट्यावर पसरला. पानभर नुसते आकडे, मुंग्यांच्या रांगेसारखे. भागीरथाबाई शेजारी येऊन बसल्या. अंगावर तेच हळदी लुगडं होतं, लग्नात नेसून झालेलं, आता पूर्ण मऊ पडलेलं.

"आपले कोणते?" त्यांनी विचारलं.

गठ्ठ्यातले आकडे सिंधूताईंच्या लक्षात राहिले होते. रिपोर्टमध्ये स्वतःच्या हाताने लिहिले होते ना. त्यांनी सासूबाईंचं बोट धरलं आणि रांगेच्या सुरुवातीला टेकवलं.

"इथून. इथून खाली चला."

भागीरथाबाईंचं बोट सावकाश खाली सरकत गेलं. आकडे लागोपाठ होते, एकाखाली एक. त्यातलं कोणतं लाल सूत, कोणतं हिरवट, कोण टिमकीचं आणि कोण आणखी कुठलं, ते कधी कळणार नव्हतं. नावं तर नव्हतीच.

"हे सगळे पास?"

"सगळे."

बोट पुढे गेलं आणि एका ठिकाणी सिंधूताईंनी ते थांबवलं. तिथे मधला एक आकडा गळला होता.

"इथं काय झालं?"

"इथला एक जण राहिला आत्याबाई. नापास."

"त्या धाग्यापाई?"

"नाही, नाही. त्या एका उत्तराने कोणी नापास होत नाही."

"मंग कशानं झाला?" भागीरथाबाईंचं बोट त्या रिकाम्या जागेवरच होतं. "काय लिवलं असन त्यानं?"

सिंधूताई चष्मा नाकावर सारून त्या दोन आकड्यांमधल्या जागेकडे पाहत राहिल्या. त्यांनाही नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं.